केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी

आज शेवटचे पाहुणे गेले. तुमच्या बहीण शालूबाई गोंडपिपरीच्या बसमध्ये बसल्या तेव्हा त्यांनी खिडकीतून धरलेला माझा हात सोडलाच नाही, शेवटी कंडक्टरला दोनदा घंटी मारावी लागली. घरी आले, दार लोटलं आणि तशीच ओट्याला टेकून खाली बसले. चहा हवा होता, पण उठून करायचं त्राण नव्हतं. इतके दिवस मी चहाच करत होते. घरातलं माणूस गेल्यावर किती चहा लागतो हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्याबद्दल लोकांचं लिहून झालं आहे. कोणाच्या तरी लग्नातला तुमचा फोटो मोबाईलवर फिरतो आहे. मागे जेवणाची पंगत दिसते, आणि खाली लिहिलंय विद्यार्थिप्रिय, शिस्तप्रिय, मनमिळाऊ. मनमिळाऊ! लग्न झाल्यापासून आपलं एका भाजीवरसुद्धा एकमत झालं नाही. कौतुक वाचून तुम्ही नक्की कॉलर ताठ केली असती आणि मी पदराआड हसले असते. या वेळी एकटीनं वाचलं, हसूही आलं नाही.

मला तुम्हाला आपल्या संबोधीच्या बारावीच्या केमिस्ट्रीच्या पेपराचं सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला त्यातलं काही पडलेलं नाही आणि तुम्हाला त्याशिवाय काही पडलेलं नसायचं. पण त्याआधी आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते पुरं करू. तुम्ही ते मध्येच टाकून गेलात, आणि मी काही इतक्यात सोडणाऱ्यातली नाही.

पोरीची दहावी झाली तेव्हा मी म्हटलं होतं, हिला चंद्रपूरला ठेवू. माझी मावशी तिथं आहे, क्लास आहेत, सकाळपासून टेस्ट घेतात. अहेरीतल्या ज्याला ज्याला जमलं त्यानं आपलं लेकरू बाहेर धाडलं. तुमच्याच कॉलेजातल्या बाकीच्या मास्तरांनीही धाडलं. तुम्ही जेवता जेवता मान वर न करता विचारलंत, "काऊन? माह्या वर्गात काय कमी हाय?"

"कमी काही नाही. पण तिच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"अन् जैनीच्या आयुष्याचं का?"

जैनी तेव्हा आपल्या घरात फक्त एक नाव होती. एटापल्लीच्याही पलीकडच्या गावची, घरी माडिया बोलणारी, इथं वसतिगृहात राहून अकरावी सायन्सला आलेली. मला राग आला. आपल्या पोरीचं बोलत असताना ही जैनी ताटात कुठून आली? तुमचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. मास्तरच आपली मुलगी दुसरीकडे धाडतो म्हटल्यावर बाकीच्यांनी त्याच्या वर्गावर भरवसा का ठेवायचा, हेच ना? कळत होतं. पण तत्त्व तुमचं आणि त्याची किंमत भरणार पोरगी, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. तुम्ही गेलात म्हणून मी माझं म्हणणं मागे घेईन असं समजू नका.

आणि बरं, ठेवलीत ना इथं, मग घरी तरी शिकवायचं! तेही नाही. संध्याकाळी ती पुस्तक घेऊन तुमच्यापुढे उभी राहायची आणि तुम्ही म्हणायचात, "उद्या वर्गात इचारजो. सगळ्यायले समजन." मी आतून भांडी आपटायची. गावभरची पोरं अंगणात बसवून शिकवता आणि घरच्या पोरीला उद्या वर्गात! तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "कुंदा, वर्गात माही पोरगी नाई. तिथी नुसते पोट्टे हायत." यावर मला काहीतरी चांगलं झणझणीत सुचत होतं. दरवेळी वाटायचं, पुढच्या खेपेला सुनावीन.

तुमचा वर्ग मी कधी पाहिला नाही. ऐकला मात्र सगळा, कारण वर्षातले कितीतरी दिवस तो आपल्या अंगणातच भरायचा. मी पहिली-दुसरीची मास्तरीण, अआइई शिकवणारी. केमिस्ट्रीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना तुमच्या गोष्टी कानावर पडून पडून पाठ झाल्या. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली ही लेकरं. काहींच्या घरी तर मराठीही नाही. अकरावीला विज्ञान एकदम इंग्रजीत. पुस्तक उघडलं की चेहरे बंद. मग तुम्ही पुस्तकच मिटवलंत. आधी आपल्या बोलीत, मग इंग्रजीत, असा तुमचा नेम.

रिअ‍ॅक्शनमध्ये एक कण जाऊन दुसरा कसा येतो, याची ती बसची गोष्ट तर मला झोपेतही सांगता येईल असं वाटायचं. एसटी भरलेली आहे. कोणी आलापल्लीला उतरला, सीट रिकामी झाली, मग दुसरा बसला. ही एक रीत. दुसऱ्या रीतीत थांबणं नाही. मागच्या दारातून एक जण रेटत शिरतो, त्याच दणक्यात पुढच्या दारातून दुसरा बाहेर. "पहिल्याले एसएन-वन म्हना, दुसऱ्याले एसएन-टू म्हना. आता सांगा, बस कोनती अन् पॅसेंजर कोन?" अंगणात हशा पिकायचा. आणि मग एके वर्षी एक पोट्टा पेपर देऊन धावत घरी आला. "सर, मस्त लिहलं! आलापल्लीबी लिहलं!" बोर्डाच्या पेपरात, इंग्रजीत, त्यानं न्यूक्लिओफाइल नावाच्या त्या आत शिरणाऱ्या कणाला एसटीत चढवून आलापल्लीला दुसऱ्याला उतरवलं होतं. कोण्या परक्या गावचे तपासणारे, त्यांना आलापल्ली म्हणजे काय कप्पाळ कळणार! तुम्ही हसून हसून खाली बसलात, डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वर्षीपासून गोष्टीला शेपूट जोडलंत, "बस इथीच सोडजा बाप्पा, पेपरात नेऊ नोका."

आणि तुमचा तो आदला दिवस. बाकीचे मास्तर पेपराच्या आदल्या दिवशी 'हे येणार, ते येणार' म्हणून पोरांचा जीव काढतात. तुमच्याकडे त्या दिवशी पुस्तक आणायला बंदी. सगळ्यांनी अंगणात यायचं, एकेकानं उभं राहायचं आणि आपल्याला जे येतं ते आपल्या घरच्या बोलीत सांगायचं. कोणी झाडीबोलीत, कोणी गोंडीत, सिरोंच्याकडची एखादी तेलुगूत. तुम्हाला त्यातलं निम्मं कळत नसे. मी विचारलं तर म्हणाला होतात, हाताकडे पाहिलं की कळतं पोराला समजलंय की नाही. मग मी चुलीवर मोठा गंज चढवून पोहे करायची आणि पोरं खाऊन जायची. तुमच्या खोकल्याएवढीच सवय झाली होती मला त्या दिवसाची.

या वर्षी त्या अंगणात आपली पोरगी बसणार होती.

त्या दुपारचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही होतातच. पण तुम्ही निम्म्यातून गेलात, म्हणून सांगते. तिचा फिजिक्सचा पेपर झाला होता, मध्ये सुट्ट्या होत्या. तुम्ही कॉलेजातून आलात, वांग्याची भाजी-भात जेवलात आणि छातीवर हात ठेवून म्हणालात, जळजळतंय. मी म्हटलं, वांगं तिखट झालं असेल. संबोधीनं गोळी आणि पाण्याचा पेला आणून दिला. उभ्या उभ्या विचारलं, "बाबा, या गोळीनं नेमकं होते का?" आणि तुम्ही, जन्मात कधी तिला घरी शिकवलं नाही ते तुम्ही, खाटेवर बसून सांगायला लागलात. "पोटात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. गोळीत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. दोघं भेटले का भांडन खतम. उरलं का? मीठ अन् पानी."

ती हसली. "हे तर दहावीचं हाय ना."

"दहावीचं हाय म्हून तर जल्दी इसरते."

मग तुम्ही आडवे झालात. मी भांडी घासून आले तेव्हा तुमचा शर्ट घामानं चिंब होता आणि रंग मला ओळखू येईना. शेजारच्यांची जीप निघाली. आलापल्ली मागे पडली, सागवान सुरू झालं, पुढे खनिजाच्या ट्रकांची रांग. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, ट्रक सरकत नव्हते. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गडचिरोली आली नाहीच. नंतर डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही. या वाक्याला धरून माणसानं कसं जगायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तुम्हाला निरोप देऊन आल्यावर पोरीनं पहिलं काम काय केलं असेल? केमिस्ट्रीचं पुस्तक उचललं आणि तांदळाच्या ड्रमामागे टाकून दिलं. "मी केमिस्ट्रीचा पेपर देत नाई," म्हणाली. "बाकीचे देतो. थो नाई देत." रडली नाही. ती तेव्हापासून रडलीच नव्हती. मला वाटलं, तुमचा विषय म्हणून नको झाला असेल. पुस्तकात तुम्ही दिसत असाल. मी समजावलं, रागावले, हातापाया पडायचंच तेवढं बाकी होतं. एक पेपर सुटला की निकालच अडकणार, नर्सिंग म्हणा, फार्मसी म्हणा, सगळीच दारं तिथं बंद. दोन वर्षं त्या वर्गात ती कशासाठी बसली? पण तिनं भिंतीकडे तोंड केलं की केलं. तुमचीच पोरगी.

आणि लोक येतच होते. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. भेटीला आलेला माणूस बसतो, थोडा वेळ जमिनीकडे पाहतो आणि मग विचारतो, "कसं झालं जी?" मग सांगावं लागतं. पहिल्यापासून सांगावं लागतं, कारण नाही सांगितलं तर आलेल्याला वाटतं आपल्याला परकं धरलं. मी सांगायची. जेवले, जळजळ म्हणाले, पोरीनं गोळी दिली, आडवे झाले. ऐकणारा प्रत्येक जण त्याच ठिकाणी थांबायचा. "अरेरे. गोळीच देल्ली का? तवाच दवाखान्यात नेवाचं होतं ना बाई." वाईट हेतूनं कोणी म्हणत नव्हतं. माणसं हळहळतात तेव्हा असंच बोलतात. पुन्हा दार वाजायचं, पुन्हा नवीन माणूस, पुन्हा जेवले, पुन्हा गोळी. मधली भिंत विटेच्या एका थराची आहे, तुम्हीच घातलेली.

शालूबाईंनी पुण्यानुमोदनाचा दिवस ठरवला. सगळ्यांना सोयीचा, भन्तेजींना मोकळा. तो दिवस केमिस्ट्रीचा आदला दिवस होता, हे माझ्याही ध्यानात आलं नाही. तुमच्या बहिणीचा काही दोष नाही. त्या घराचा गाडा ओढत होत्या म्हणून मी उभी होते.

सकाळी वंदना झाली, त्रिशरण झालं, तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. माणसं जेवायला बसली. उन्हं चढल्यावर फाटकाशी गडबड ऐकू आली. पाहते तर तुमचा वर्ग. पोट्टे-पोट्ट्या सगळी अंगणाच्या तोंडाशी घोळक्यानं उभी, हातात पुस्तक नाही, वही नाही. कोणी त्यांना या म्हटलं नव्हतं आणि कोणी येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. केमिस्ट्रीचा आदला दिवस होता, म्हणून आली होती.

शालूबाईंना वाटलं, भेटीला आली. त्यांनी बसवलं, पाणी दिलं. पोरं चटईवर बसली आणि बसूनच राहिली, उठेनात. शेवटी शालूबाईंनी मला बाजूला ओढलं. "हे काऊन बसून राह्यले?"

मी सांगितलं.

"कुंदा, तुले समजते का काई? भावाच्या कार्याच्या दिवशी इथी शाळा भरन? लोकं का म्हनतीन?"

खरं सांगायचं तर मलाही ती पोरं तेव्हा नको होती. मला कोणीच नको होतं. तुमच्या खुर्चीवर पाहुण्यांच्या पिशव्यांचा ढीग होता. मी एकेक पिशवी उचलून खाली ठेवली आणि त्या खुर्चीवर बसले. काही ठरवून नाही. पाय दुखत होते आणि दुसरीकडे जागा नव्हती. पण मी तिथं बसले तशी सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. आता काहीतरी बोलणं भागच होतं.

म्हटलं, बसची गोष्ट सांगते. आणि सुरू केली. "मागच्या दारातून एक शिरला, पुढच्या दारातून एक उतरला, म्हणजे एसएन-वन."

कोणी हसलं नाही. जैनी उठली. काळीसावळी, ठेंगणी, आवाज इतका बारीक की वाकून ऐकावं लागतं. "काकू, थे टू हाय."

"असं? मग वन कोणतं?"

तिनं सांगितलं. आधी मराठीत, मग तिच्या माडियात. तिच्या हातांकडे मी पाहिलं. बस थांबली, माणूस उतरला, सीट रिकामी राहिली, मग दुसरा आला. मला सगळं दिसलं. तिच्यामागून दुसरा उठला, मग तिसरी. जेवणारी माणसं घास हातात धरून ऐकत होती. मग कोणाला तरी एक अवघड रिअ‍ॅक्शन अर्ध्यावरच अडली, कोणालाच पुढचं येईना, आणि जैनी म्हणाली, "संबोधीले इचारू ना. तिले सरायनं घरी शिकवलं असन. आमच्यापेक्षा जास्त."

सगळ्या माना हलल्या. तेव्हा मला कळलं, हे सगळ्या वर्गाचं दोन वर्षांपासून धरलेलं मत होतं. तुम्ही ज्याच्यासाठी पोरीला घरी एक ओळ शिकवली नाहीत, ते तुमच्या पोरांपर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांना खात्री होती की खरी केमिस्ट्री आत, या घरात, रात्रीच्या जेवणानंतर चालते.

दारात संबोधी उभी होती. केव्हा आली कोण जाणे. केस विस्कटलेले, अंगावर दोन दिवसांचा ड्रेस. "मले?" ती म्हणाली. "मले बाबानं घरी एकच गोष्ट शिकवली. एकटीले. अ‍ॅसिडिटीची गोळी."

ती बोलतच राहिली, आवाज न चढवता, पाठ केलेलं म्हणावं तसं. "मी देल्ली गोळी. मीच इचारलं कशी काम करते म्हून. थे सांगत बसले अन् मी आयकत बसली. तेवढ्यात दवाखाना झाला असता. सगळे हेच म्हनून राह्यले ना? रोज आयकून राह्यली मी."

मी ते रोज सांगत होते. शालूबाईंनी तोंडावर पदर धरला.

जैनी तिच्याजवळ गेली. हात धरला नाही, मिठी मारली नाही, नुसती समोर उभी राहिली. "का शिकवलं थे सांग," म्हणाली.

"काय?"

"सरायनं शिकवलं थे सांग ना. आम्हाले नाई शिकवलं."

मग संबोधीनं सांगितलं. अ‍ॅसिड, बेस, भांडण खतम, मीठ अन् पाणी. जैनीनं मान हलवली, वर्गात हलवतात तशी. "बराबर हाय. याच्यात चुकलं कुठी? सर नाई का म्हनत, उत्तर लिहाच्या आंधी प्रश्न वाचा म्हून? थो प्रश्नच दुसरा होता. सरायलेबी नाई दिसला. तुले कसा दिसन? तुनं देल्लेलं उत्तर बराबर होतं."

या मुलीवरून मी तुमच्याशी दोन वर्षं भांडले.

संबोधी तिथंच उंबऱ्यावर बसली. कोणीतरी ती अडलेली रिअ‍ॅक्शन पुन्हा हळूच म्हटली आणि पुन्हा त्याच जागी अडला. ती खाली पाहूनच म्हणाली, "पुढं पानी निंगते ना त्याच्यातून. मंग डबल बाँड." मग दुसऱ्यानं काही विचारलं. मग तिसऱ्यानं. काही तिला आलं, काही नाही आलं, आणि नाही आलं की पोरांचे चेहरे खुलायचे, म्हणजे हिलाही येत नाही! मला वाटतं त्या दुपारी पहिल्यांदा ती तुमच्या वर्गातली झाली. असं होणार हे तुम्हाला माहीत होतं का? मला नाही वाटत. तुम्ही हट्टी होतात, दूरदृष्टीचे वगैरे नव्हतात. पण झालं ते चांगलं झालं, आणि ते तुमच्यामुळे झालं. एवढं मी देते तुम्हाला. चंद्रपूरचं अजून देत नाही.

शालूबाई कधी आत गेल्या मला कळलं नाही. मोठा गंज घेऊन बाहेर आल्या, वाफ येत होती. "खाऊन जाजा रे सगळे," म्हणाल्या, "अन् उद्या नीट लिहजा." रडून त्यांचं नाक लाल झालं होतं. पोह्यांत मीठ जास्त पडलं होतं. सगळ्यांनी खाल्लं.

संध्याकाळी ड्रमामागचं पुस्तक बाहेर आलं. त्यावर पीठ होतं, ते तिनं ओढणीनं पुसलं. मी काही बोलले असते तर कदाचित परत गेलं असतं.

पेपराला मी तिच्याबरोबर गेले. केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांची गर्दी, हवालदार, उन्हात तापलेल्या मोटारसायकली. समोरच्या पळसाखाली फुलांचा सडा पडला होता आणि त्यावर रस्त्याची लाल धूळ. मी तिथंच बसून राहिले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "सायेब नाई आले?" तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, नाही आले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणालातरी सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं नाही, तेवढाच विसावा मिळाला.

घंटा झाली. पोरं बाहेर लोटली, जो तो ओरडून बोलत होता. ती आणि जैनी शेवटी आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती प्यायली, झाकण लावलं, चालायला लागली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "आई, पेपर चांगला गेला."

"हो का?"

"खूब चांगला गेला." आणि रस्त्याच्या कडेला उभीच राहिली. "आता थे कोनाले सांगू?"

तेव्हा ती रडली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. भर रस्त्यात, ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि ती लहान पोरीसारखी तोंड उघडं टाकून रडत होती. जैनी आमच्याकडे पाठ करून आडोशाला उभी राहिली, लोकांनी पाहू नये म्हणून. मी तिला धरलं. मीही रडले, तेही तुम्हाला सांगून टाकते. इतके दिवस चहाच करत होते ना.

मग मी म्हटलं, "मले सांग." घरात मी कधी असं बोलत नाही, तोंडून आपोआप तुमची बोली निघाली.

"तुले का समजते त्याच्यातलं?"

"काईच नाई. तरी सांग."

तिनं सांगितलं. घरी येईपर्यंत सांगत होती, पहिल्या प्रश्नापासून. जिथं तुम्ही मान हलवली असतीत असं वाटलं तिथं मी मान हलवली. लक्ष देऊन ऐकलं, कारण पुढे कोणाला सांगायचं ते मला माहीत होतं. तर ऐका. पर्यायांचे प्रश्न सगळे आले. सेलचं गणित आलं, पण उत्तरापुढे व्होल्ट लिहिलं की नाही तिला आठवत नाही. वेगाच्या नियमाचं गणित दोनदा केलं, दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. एक आकृती वाकडी आली, खोडली आणि परत काढली. पॉलिमरचा प्रश्न तिनं सोडला, तो सोडायचा पर्याय होता. एका रिअ‍ॅक्शनचं नाव सांगितलं होतं तिनं, कोण्या परदेशी माणसाचं, लांबलचक, ते मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही. तेवढं एक सोडून सगळं तुम्हाला सांगितलं आहे.